पेटीवाल्याचे कान

लिहा — वार गुरुवार, सकाळचे साडेदहा, जागा रांजणगावच्या कारखान्यातला दवाखाना. हजर माणसं तीन, डॉक्टर, नर्स आन् मी, हौशीराम. एवढं आधी लिहा, बाकीचं मग. तुम्हाला काय विचारायचं ते वहीवर मोठ्या अक्षरात काढा, पत्रकारसाहेब, नुसते ओठ हलवू नका. ओठ दिसत्यात, पर आत काय पोचत न्हाई. ही माझी बायको, म्हाळसा, हात खाली दाबतीय, बघितलं? म्हंजी मी वरडतोय. वरडू दे गं, घर आपलंच हाय.

कान गेले असं मी कंपनीला कळवलं, म्हणून ही तपासणी. तर डॉक्टरनं काय केलं — दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा असतो बघा, तो गुडघ्यावर आपटला आन् बूड टेबलावर टेकवलं. माझं कोपर त्याच टेबलावर. कागदावर लिहून विचारलं, 'वाजतंय का?' आता वीस वर्षं ज्यानं बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या त्याला थरथर कळणार न्हाई व्हय? कळली. कोपरातनं पार खांद्यापर्यंत आली. मी म्हणलं, वाजतंय. मग म्हणलं, आता थांबलं. तीनदा केलं त्यानं, तिन्ही बारीला बराबर सांगितलं — नर्स हसली, तवा मी बी हसलो. परीक्षा म्हणल्यावर पास व्हायचं, एवढंच डोक्यात. मग त्यानं कागदावर खरडलं: 'ऐकू येते, बहिरेपणाचे सोंग करतो.' त्या एका ओळीवर मला गेटच्या बाहेर काढलं. म्हाळसा म्हणती — काय म्हणती ते आता मला ऐकू येत न्हाई, बहिरेपणाचा तेवढाच एक फायदा.

अहो, आवाज म्हंजी दुसरं काय असतं? पाबळला शाळेत एकदा बोलावलं होतं मला, पोरांना पेटी उघडून दाखवायला. भिंतीवर जगातल्या वाद्यांचा तक्ता. आफ्रिकेतलं एक — लाकडाच्या फळीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यानं छेडायच्या. ऑस्ट्रेलियात आतनं पोकळ झालेलं झाडाचं खोड, त्यात फुंकत्यात. कुठल्या तरी थंड मुलखातली कातडी पिशवी, काखेत दाबून वाजवायची. मास्तर एकेकाचं नाव घेऊन सांगत होते. मी पोरांना म्हणलं, नावं ऱ्हाऊ द्या, यात हलतंय काय तेवढं बघा. तार हलती, न्हाईतर कातडं हलतं, न्हाईतर वारा तरी हलतो. आमच्या आज्ज्याचा ढोल घ्या — आम्ही धनगर, बिरोबाच्या जत्रंत आज्जा ढोल वाजवायचा आन् मी त्याला पाठ लावून बसायचो. ढोल मला आधी पाठीत कळायचा, मग कानात. पेटीत पितळेची जीभ असती, भात्याचा वारा लागला की ती हलती. टोकाला कानस मारली की सूर चढतो, बुडाशी मारली की उतरतो. केसाएवढी जास्त झाली की संपलं.

थांबा, उठू नका. ही पेटी दौंडच्या बापूसाहेबांची, त्यांच्या भजनी मंडळातली. तीन बारी दुरुस्त करून दिली, तीन बारी परत आली. बोटानं लावलीय मी — एक बोट जिभेवर, दुसरं शेजारच्या जिभेवर, दोन्ही सारख्या हलत्यात का ते बघत बघत. आता भाता मारतो, तुम्ही ऐका. ही पट्टी. आता ही. आन् ही. कसं वाटतं? — तोंड का पाडलं? म्हाळसा, तू बाहेर का चाललीस? लिहा की वहीवर! 'थोडी चढली आहे.' थोडी म्हंजी किती? केसाएवढी का बोटाएवढी? लिहा, थोडी म्हंजी किती! माझ्या हाताला तर सारखी लागती हो…

सोमवारी पुण्याला फेरतपासणी हाय. म्हाळसानं लिहून बजावलंय, हात मांडीवर ठेवा, टेबलाला शिवू नका. पर समोरच्या डॉक्टरच्या हातात पहिल्या डॉक्टरचा कागद असणार. सोंगाडा म्हणून ठप्पा बसलेल्या माणसाला कोण खरं मानणार? म्हणून बोलावलं तुम्हाला. सोमवारच्या आत छापा.

कंपनीत कान गेलेच कसे? व्हय, लिहिलंय ते वाचलं मी. प्रेस शॉपला सात वर्षं. पत्र्यावर घाव पडला की छातीत बसतो तो. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे, दर महिन्याला माणशी एक पाकीट. मी — मी घालत नव्हतो. म्हंजी शिफ्टचे साहेब म्हणले, हौशीराम, तू घालू नको, तुझा कान पेटीवाल्याचा हाय, डायला, म्हंजी पत्रा दाबायच्या साच्याला, तडा गेला तर मशीनच्या आधी तुला कळतं. आन् कळायचं की! चार डाय वाचवल्यात मी. हात वर केला की सगळी लाइन थांबायची. साहेब पाठीवर थाप मारायचे, सगळ्यांच्या देखत. सारंगी ऐकावी तसा मी ती मशीन ऐकत उभा ऱ्हायचो, सात वर्षं, उघड्या कानांनी. मला बरं वाटायचं हो. हे लिहू नका. आपलेच कान आपण कुणाच्या थापेसाठी…

न्हाई. लिहा. लिहाच.

आन् निघा आता. पेटी राहू द्या तिथंच, हात लावू नका. चहा? चहाबिहा काय न्हाई. एकच विचारा जाऊन कंपनीवाल्यांना, माझं नाव घेऊन विचारा. आमच्या लाइनला मला धरून माणसं सहा. बोळ्यांची पाकिटं दर महिन्याला पाच यायची. पहिल्या महिन्यापासनं पाचच.