बांधलेला नारळ

माझं माहेर सुप्याकडचं, समदं कोरडं रान. हंडाभर पान्यासाठी उन्हातान्हाचं लांब जायाचं, म्हून बा म्हनला, पोरगी पाटाच्या गावात द्यायची. दिली भवानीनगरच्या अंगाला. पन काय सांगू तुमाला, कालवा गावाला आन आमचं रान पार शेवटाला, पानी नुसतं लांबनं बघायचं.

मग कारखाना नवा उभा ऱ्हायला, जो तो ऊस लावाया लागला, तवा गावानं मिळून कालव्यापासनं आमच्या रानापातूर चारी खांदायची ठरवली. आमच्यात रीत अशी, गावकीचं काम धरलं की मारुतीम्होरं तांबड्या फडक्यात नारळ बांधायचा. तो बांधलेला हाय तवर घरटी एक मानूस कामाला द्यायचं, काम पुरं झालं की नारळ फोडायचा, मग समदी मोकळी. मालकांचा पाय अधू, म्हून आमच्या घरातनं मीच जायाची.

चारी झाली. पानी आमच्या बांधाला लागलं तवा मामंजींनी डोळं पुसलं, आन त्याच वलीवर लगोलग उसाची लागण केली. पन कालव्याच्या दुसऱ्या पाळीला बघते तर चारीत पानीच न्हाय. चारीच्या कडंनं वर चालत गेले, तर वढ्याच्या वळनावर गाळ बसलेला, पानी फुगून वढ्यात चाललेलं. आन तेवढ्यात मारुतीकडं हलगी वाजाया लागली, नारळ फोडायचा म्हून.

पळतच गेले. आमचं पाटील आबा नारळ हातात घिऊन उभं. म्हनलं आबा थांबा, वळनावर गाळ साचलाय. आबा म्हनलं, अगं काम चारी खांदायचं हुतं, ते झालं, आता गाळ ज्याला नडंल त्यानं काढावा. म्हंजी कुनी? आमीच की! वरच्या रानातल्यांना काय नडतंय? समदं गाव माझ्या तोंडाकडं बघाया लागलं, मामंजी म्हनलं सूनबाई घरी चल. नारळ एकदा दगडावर बसला की मी कुनाच्या दाराला जाऊन बोलवायचं? ऊस उभ्यानं वाळला असता. कसं सुचलं देव जाने, डोईचा पदर सावरला आन आबांच्या हातातला नारळच वढून घेतला. हलगी बंद.

आबा संतापलं. म्हनलं, मग हे काम संपायचं कवा? मी म्हनलं, तुमच्या घरात सारवत्यात, ते कवा संपलं? पायरीवर त्यांची कारभारीन बसली हुती, ती म्हनली, सांगा की आता! आबांनी फडकं माझ्याकडं टाकलं, बांध परत म्हनलं, आन रागारागानं खोरं उचलून वळनाकडं निघालं. मागनं समदी.

तवापासनं नारळ बांधलेलाच हाय. नासला की नवा बांधायचा, घरटी मानूस गाळ काढाया द्यायचं. वरच्या रानातली काय काय अजून शिव्या देत्यात मला, देऊ द्यात. आता आबा न्हायती, मामंजी न्हायती, मालक बी गेलं, माझं गुडघं बसलं. परवा सून खोरं घिऊन निघाली, म्हनली आत्या, औंदाचा नारळ मीच बांधून येते. म्हनलं जा बाई, सुखी ऱ्हा. पन खरं सांगू का, एवढं नारळ बांधलं, त्यातलं खोबरं काय एकदा बी तोंडात पडलं न्हाय.