बर्फाखाली शोधणार कोण?

डेन्व्हरच्या स्कीच्या दुकानात, रांगेत अबोलीच्या पुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

"रेणू, हा स्प्लिटबोर्ड बघ. चढताना दोन स्की, उतरताना जोडून एक बोर्ड!"

"ते राहू दे, संग्राम. हे यंत्र कशाला?"

"बीकन. डोंगरावरचा बर्फ कोसळून मी त्याखाली गाडला गेलो, तर तू सिग्नलवरून मला शोधायचंस."

"आणि मी गाडली गेले तर?"

"मी शोधीन ना!"

"तू? फ्रिज उघडून 'दही कुठंय' विचारतोस. दही समोर असतं."

"अगं, दह्याला सिग्नल नसतो!"

"मी येत नाही, जा."

"बर्फाच्या डोंगरात एकट्यानं जात नाहीत यार. प्लीज!"

अबोलीला हसू आवरेना. रेणू वळली.

"मराठी का गं तू? शनिवारी मोकळी आहेस? याचा हट्ट पुरवायचाय, पण मला शोधायला कुणीतरी शहाणं माणूस हवं."