गालाले वस्तरा, गळ्याले सेफ्टी

—नाई बाबा, बोलू नका, तोंडात फेस जाईन. मान हालवा फक्त. हो नाईतर नाई, इतकंच पाह्यजे मले. तसंही तुमच्या तोंडाले फेस लागल्याशिवाय मले कुठी बोलता येते तुमच्यापुढे. आई अन् पौर्णिमा विहारात सतरंज्या टाकायले गेल्या, म्हणून तेवढं तरी बोलून राह्यलो. तं काय सांगत होतो — हे सेफ्टी. मागच्या बाजारी आंजीवरून आणलं. पत्ती याच्या आत दबलेली राहते, कातडीले फक्त धारेची कड लागते. दांडा जड आहे, दाबा लागत नाई, नुसतं खाली ओढायचं. हात हालला तरी गाल कापत नाई — बरं. हालत नाई तुमचा हात. चुकलं माझं. पण मान एवढी जोरानं हालवू नका, आरशावर फेस उडला.

हात हालत नाई, तं मंग मंगळवारी गालाले कापूस काऊन होता? अन् त्याच्या आधी कानाखाली? दुपट्ट्यावरचं रक्त पाहून आईनं तो चुपचाप भिजवून ठेवला, तुमाले वाटलं कोणाले दिसलंच नाई. चहाचं पाह्यलं काय तुमी? पौर्णिमा आता तुमाले अर्धाच कप देते. आख्खा दिला तं सांडते म्हणून. भैयाजी मिस्तरीची भिंत ओळंब्याशिवाय सरळ, असं म्हणत होते लोक, अजून म्हणतात. सेवाग्रामच्या डॉक्टरनं काय सांगतलं? हा कंप आहे, गोळीनं थोडा कमी होईन, पुरा जाणार नाई. यात लाजायचं काय आहे? थापी तुमी मुकाट्यानं सोडली, माझ्या हाती देऊन टाकली. मंग हा वस्तराच काऊन सुटत नाई तुमाले?

माहीत आहे. फोटोकडे बोट नका दाखवू, वस्तरा आज्याचा आहे, माहीत आहे मले. गावचा म्हाली वस्तऱ्यानं म्हशी भादरे, पण आपल्या मानसाच्या गालाले हात लावत नव्हता. म्हणून धम्म घेतला त्या साली आज्यानं वर्ध्याहून हा वस्तरा आणला, लिंबाखाली पाट मांडला अन् साऱ्या वस्तीची दाढी करू लागला. अन् तुमाले सांगून गेला, का आता त्याइच्यापुढे गाल करायचा नाई. किती वेळा ऐकलं. मी त्याले नाव ठेवत नाई बाबा. पण आज्यानं असं कुठी सांगतलं, का स्वतःचाच गाल कापून घ्या? आपल्या मानसाचं तोंड साफ दिसावं, चारचौघांत मान वर राहावी, म्हणूनच आणला ना त्यानं वस्तरा? मंग? आज बारा वाजता केळझरचे लोक येऊन राह्यले. आपल्या पौर्णिमाचं साक्षगंध आहे, दुसऱ्या कोणाचं नाई. सारा विहार भरलेला राहीन, तुमी पुढे बसान, अन् गालावर कापूस. मागच्या बारीले तो पोराचा मामा, चंद्रभानजी — तुमच्या हातातली बशी पाह्यली त्यानं, गालावरचा काप पाह्यला, अन् जाता जाता चौकात विचारून गेला ना, का भैयाजी घेतात काय म्हणून—

काई नाई. काई नाई म्हटलं. फेस नका पुसू. मी असाच बोलून गेलो.

बरं, आता निघालंच तोंडातून. हो, विचारलं त्यानं. सकाळीच हात थरथरते म्हणजे रातची उतरली नसन, असं म्हणे. कोणाबद्दल? तं ज्यानं जिंदगीत थेंब नाई घेतला त्याच्याबद्दल. वंदनेत पाचवं शील म्हणताना ज्याचा आवाज साऱ्याइच्या वर राहते, त्याच्याबद्दल. मले झोप नाई लागली. पोरीचा बाप पितो, हे एकदा पसरलं का मंग कोण विचारते कंप आहे का काय आहे. आज पाहुण्यांसमोर गालावर नवा काप दिसला अन् मामा उठून गेला, तं पौर्णिमानं काय करायचं? तिले नाई सांगतलं मी. आईलेही नाई. तुमालेही सांगणार नव्हतो.

कोणी सांगतलं? ते सोडा ना. गावात बोलणं काय लपून राहते. आरशातून असं पाहू नका बाबा — बरं, योगेंद्रनं. हो, तोच, चौकातला सलूनवाला, त्याच म्हाल्याचा नातू. अन् मी त्याच्या खुर्चीत बसलो होतो तेव्हा. बसतो मी तिथं. ही माझ्या दाढीची लाइन काय मी घरी काढतो, असं वाटलं तुमाले? लय दिवसांपासून जातो. 'बस धम्मदीप' म्हणते, धुतलेलं कापड बांधते, जुनी पत्ती माझ्यासमोर फेकते अन् नवी मोडून अर्धी वस्तऱ्यात घालते. मामाले त्यानंच सांगतलं, का बाबा घेत नाईत, त्याइच्या हाताले कंप आहे. मामाले पटलं का नाई, देव जाणे — म्हणजे, मामाच जाणे. अन् मंग योगेंद्र मले म्हणे, बाबाले घेऊन येजो, नाईतर मीच घरी येतो, साक्षगंधाचा दिवस आहे. मी नाई म्हटलं. तुमच्यासाठी नाई म्हटलं. पण बाहेर आल्यावर मले काय वाटलं सांगू? लाज वाटली. त्याच्या आज्याची नाई, माझीच. का माझ्या बापाची दाढी करायले तो घरी येतो म्हणते, अन् मले, पोराले, ती येत नाई.

काऊन येत नाई? शिकवली काय तुमी? आठवीतून शाळा सुटली, तुमच्यासंग माल कालवायले आलो. ओळंबा शिकवला, कोपरा काढायले शिकवला, थापी शिकवली. अन् वस्तऱ्याले नुसता हात लावला का, 'ठेव, कापशीन.' लहान होतो तवाही तेच, अन् मिशी आली तवाही तेच. म्हणून आणलं हे सेफ्टी. लय चांगलं आहे म्हणून नाई आणलं. मले दुसरं काई येतच नाई म्हणून आणलं.

— काय करून राह्यले? पट्टा काऊन काढला? राहू द्या बाबा, धार लावू नका आता, हात पाहा तुमचा — राहू द्या ना. हे काय? मले? मले काऊन देऊन राह्यले? नाई नाई, मी कधी धरला काय हा. आजच्या दिवशी तं नाईच. असं करू, गालाले वस्तरा, गळ्याले सेफ्टी, तुमचंही राहीन अन् माझंही — भिंत काय दाखवून राह्यले? भिंतीचं काय? थापी? … प्लास्टर घोटताना थापी धरतो, तसाच हा धरायचा. आडवा पाडून. न दाबता, वजन हाताचं नाई, थापीचंच.

हे तं मले येते.

एवढंच होतं, तं इतके वर्षं — जाऊ द्या. आधी गाल करतो. डाव्या हातानं कातडी ताणू? अशी? — बाबा, मान काऊन वर केली? गळा नाई म्हटलं ना मी. खाली करा. खाली करा ना बाबा… डोळे तरी उघडे ठेवा.

बरं.

हालू नका. मीही आता बोलत नाई.