बोट ओढायची गाडी

वर्ना: गॅरेजवाला तू, आणि म्हणतोस बिघाड नाही? सिग्नलला उभी केली की अंगात आल्यासारखी थरथरते. क्लच दाबून दाबून माझा डावा पाय सुजलाय. पेट्रोल तर विचारूच नकोस. ही अशी गाडी विकायला काढली तर घेणारा मला शिव्या देईल.

स्टॉश: ती अशीच असते, मिसेस नोव्हॅक.

वर्ना: स्टॉश, माझ्या लग्नात तू टेबलावर चढून नाचला होतास. आता मी मिसेस नोव्हॅक?

स्टॉश: तुम्ही गाडीचं विचारलंत, मी गाडीचं सांगितलं. काही बिघडलेलं नाही. इंजिन जबरदस्त आहे, त्याला उभं राहणं सोसत नाही, एवढंच.

अर्लीन: अख्ख्या टोलेडोत माझ्याच बहिणीच्या नशिबी असली गाडी. काल आम्ही बाजार करून येत होतो. सिग्नलला शेजारी लाल गाडीत दोन पोरं, आमच्याकडे बघून इंजिन गुरगुरवताहेत. मी म्हटलं, वर्ना, या वयात अजून कोणीतरी बघतंय बाई तुझ्याकडे.

वर्ना: त्यांनी विचारलं, काय ठेवलंय आत? मी म्हटलं, अंडी.

स्टॉश: तुम्हाला खरंच माहीत नाही आत काय आहे?

वर्ना: मोठं इंजिन आहे. लाइल म्हणाला होता, बोट ओढायला बरं पडतं.

स्टॉश: तुमच्याकडे बोट आहे?

वर्ना: नाही.

अर्लीन: चार वर्षांत एकदाही नवऱ्याला विचारावंसं वाटलं नाही तुला?

वर्ना: वाटलं, घेईल कधीतरी. इरी सरोवर काही लांब नाही. काचेच्या कारखान्यातून थकून येणाऱ्या माणसाला काय काय विचारायचं?

स्टॉश: हे इंजिन दोन दारांच्या गाडीत घालतात. जी गाडी पोरं रात्रंदिवस पुसत बसतात, तिच्यात. मुलंबाळं आणि किराणा न्यायच्या वॅगनमध्ये हे कोणी मागत नाही, त्यातून वर चार गिअर, तेही हाताने टाकायचे. पण गाड्यांच्या कारखान्याचं कसं असतं, मागणीच्या कागदावर तुम्ही खुणा कराल ती गाडी बनवून देतात, कशाला म्हणून विचारत नाहीत. गाडी विकणाऱ्या दुकानदाराने मात्र दोनदा फोन केला होता लाइलला. चुकून खूण झाली का म्हणून.

वर्ना: मग चुकूनच झाली असेल.

स्टॉश: माझ्या स्वयंपाकघरात बसून पेन्सिलीने हिशेब करून झाली ती. शर्यतीसाठी. आपल्या इथे गाड्या सरळ पळवायची पट्टी आहे ना, तिथे गाडीचं वजन आणि इंजिनची ताकद बघून गट पाडतात. वॅगन जड, म्हणून ती जरा हळू गाड्यांच्या गटात जाते. आणि वजन सगळं मागच्या चाकांवर, त्यामुळे सुटताना चाकं जागच्या जागी फिरत नाहीत, जमीन धरतात. लोक हसत राहतात आणि वॅगन पुढे निघून जाते. फार थोड्यांना सुचलंय हे. लाइलला सुचलं होतं.

वर्ना: थांब, थांब. लाइलने शर्यती कधीच सोडल्या होत्या. शनिवारी तो लाकूड आणायला जायचा.

अर्लीन: चार वर्षं लाकूड आणलं आणि तुझ्या घरात एक फळी वाढलेली नाही.

वर्ना: पक्ष्यांसाठी घर केलं होतं की एक.

स्टॉश: शनिवारी तो आमच्याबरोबर पट्टीवर असायचा.

वर्ना: आणि ते काचेवरचं पांढरं बूटपॉलिश? रविवारी चर्चला निघताना मी घासून काढायची. शेजारच्या केसीकांच्या पोरांना रागावले मी त्यावरून. त्यांच्या आईशी अजून नीट बोलणं नाही.

स्टॉश: गटाचं अक्षर आणि नंबर असतो तो. बूटपॉलिशनेच लिहितात सगळे.

वर्ना: म्हणजे हीच गाडी पळवायचा? जिच्या मागच्या सीटवर माझी ज्युडी पाठमोरी बसून लोकांना हात करते, तीच?

स्टॉश: नाही.

वर्ना: आता नाही म्हणतोस?

स्टॉश: पळवली नाही. एकदाही नाही. पैसे भरून आत यायचा, तपासणी करून घ्यायचा, वजनाला उभी करायचा. तासभर रांगेत थांबायचा. अगदी तोंडाशी, शर्यत सुटायचे दिवे लागतात तिथे त्याची पाळी आली की इंडिकेटर द्यायचा आणि बाजूच्या वाटेने बाहेर. दर शनिवारी.

अर्लीन: इंडिकेटर देऊन?

स्टॉश: देऊन. नवे लोक हसायचे.

वर्ना: मला काहीच कळत नाहीये. इतकं करून परत का यायचा?

स्टॉश: हे तुम्ही मला विचारताय?

वर्ना: मग कोणाला विचारू? तो तर ईस्टरच्या आधीच गेला.

स्टॉश: शब्द तुम्ही घेतला होतात. ज्युडी झाली तेव्हा. पुन्हा शर्यतीत गाडी पळवलीस तर पोरीला घेऊन आईकडे निघून जाईन, असं बजावलं होतंत त्याला. त्याने स्वतः सांगितलं आम्हाला. आणि लाइल म्हणजे दिला शब्द मोडणारा माणूस नव्हे. मोडलाही नाही. दर शनिवारी नुसता तोंडापर्यंत जायचा, आणि आम्ही सगळे बघत उभे राहायचो. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, फार राग यायचा तुमचा. अजून येतो.

वर्ना: म्हणून तुझी डॉट आली नाही. लाइल गेला तेव्हा सगळी गल्ली काही ना काही शिजवून घेऊन आली, नूडल्स काय, कोबी काय, आठवडाभर चूल पेटवली नाही मी. फक्त तुमच्या घरचं भांडं नव्हतं. मला वाटलं, आजारी असेल.

स्टॉश: ती निघाली होती. मी नको म्हटलं.

(आतल्या खोलीत फोन वाजतो. स्टॉश हात पुसत जातो.)

अर्लीन: तू कधी शब्द घेतलास? मला बोलली नाहीस.

वर्ना: मी घेतलाच नाही.

अर्लीन: काय?

वर्ना: मी असं काही म्हटलेलंच नाही, अर्लीन. उलट जुनी गाडी त्याने विकायला काढली तेव्हा मी म्हटलं होतं, राहू दे, तेवढीच एक हौस आहे तुला.

अर्लीन: मग तो बोलत होता तेव्हा तोंड का शिवून बसलीस?

वर्ना: अगं, मला वाटलं मीच विसरले की काय. आता सगळं डोळ्यांपुढे येतंय. ज्युडी पोटात होती. त्या शनिवारी त्याची गाडी पट्टीवर गरगर फिरली आणि कठड्याला घासली. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. घरी आला, मी कॉफी दिली तर कप धरता येईना. म्हणाला, गार लागतंय. जुलै महिना होता तो.

अर्लीन: घाबरला होता.

वर्ना: आठवड्यात गाडी विकली. म्हणाला, आता बाप होणार, शोभत नाही. मी समजले, मन उडालं.

अर्लीन: मन उडालेला माणूस असलं इंजिन मागवतो होय?

वर्ना: त्याला वाटलं असेल, ही जड आहे, ही फिरायची नाही, हिच्यात जमेल आपल्याला. आणि मग दर शनिवारी बघायला जात असेल, आज जमतंय का.

अर्लीन: आणि नाही जमलं की बायकोचं नाव पुढे. इतकी वर्षं या लोकांनी तुझ्या नावाने बोटं मोडली, वर्ना. दुखवट्यालासुद्धा आले नाहीत. राग येत नाही तुला?

वर्ना: येतोय ना. असा येतोय की आत्ता समोर असता तर हातातली पर्स फेकून मारली असती. मला सांगायचं होतं त्याने. मी काय हसले असते? शेजारी बसले असते आणि म्हटलं असतं, चल, घरी जाऊ.

अर्लीन: मग सांग याला खरं काय ते. तो बघ, येतोच आहे.

स्टॉश: पट्टीवरून आमच्यातल्या एकाचा फोन होता. आम्ही जुने सगळे या शनिवारी जमतोय. मनात असं आहे की काचेवर लाइलचं नाव लिहायचं आणि ही गाडी एकदा, एकदाच पळवायची. मी चालवीन. जपून चालवीन. मग तुम्ही खुशाल विका. तुम्ही नको म्हटलं होतंत हे ठाऊक आहे मला, म्हणून तर विचारतोय.

अर्लीन: बोल, वर्ना.

वर्ना: ने.

स्टॉश: खरंच नेऊ?

वर्ना: चावी गाडीलाच आहे. मागे ज्युडीचा स्वेटर पडलाय, तेवढा काढून दे. आणि डॉटला म्हणावं, ये घरी. भांडं आणलं नाही तरी चालेल.

स्टॉश: सांगतो. अजून एक विचारू? राग मानू नका. आमच्यातलाच एक जण म्हणायचा, की हा बायकोला भीत नाही, हा गाडीला भितो. त्याच्याशी माझी मारामारी झाली होती त्यावरून. पण ते डोक्यातून जात नाही. लाइलने तुमच्याकडे तो शब्द कधी परत मागितला होता का?

अर्लीन: सांग ना त्याला.

वर्ना: दरवर्षी मागायचा. बर्फ वितळलं की सुरू.

स्टॉश: आणि तुम्ही?

वर्ना: मी नाहीच म्हणायचे. फार मागे लागायचा रे तो.