मढच्या होडीचा रिपोर्ट

स्मिता वहिनी, साहेब, लॅबमधली मंडळी आणि दत्ताच्या कांदिवलीच्या सोसायटीतून आलेले सगळे. मी सुजाता कांबळे. माईक हातात घेतलाय खरा, पण एका जागी उभं राहवत नाहीये. सांभाळून घ्या.

दत्ता पेडणेकर आणि मी अंधेरीच्या लॅबमध्ये एकाच आठवड्यात लागलो. तेव्हापासून शेजारी-शेजारी टेबलं. आमचं काम काय? कारखान्यातल्या गोंदाची, फायबरची मुदत संपते. तो माल अजून चालेल का, किती महिने चालेल, ते आम्ही तपासतो. फायबरच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या, मशीनमध्ये ओढायच्या, कितीला तुटतात ते बघायचं. ऐकायला साधं वाटतं. पण आमच्या सहीच्या भरवशावर कुणीतरी समुद्रात जातो.

गेल्या वर्षी मढच्या एका होड्या बनवणाऱ्या कारखान्याचा गोंद आला. मुदत संपलेला. मी तपासला, पास झाला. सहा महिने वाढवून दिले. सही माझी.

दत्ताने फाईल चाळली. म्हणाला, "सुजाता, डबे कुठे ठेवले होते गं?"

"लिहिलंय ना. एसी खोलीत."

"तू बघितलंस?"

"दत्ता, आपण लॅबवाले. गोदामं बघत फिरायचं काय आता?"

त्याने फाईल मिटली. आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला गेला. एसी खोलीत चारच डबे होते. बाकी सगळे पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाने तापलेले. आमच्याकडे आलेला नमुना खोलीतला. दत्ताने मालकाशी हुज्जत घालून शेडमधला एक डबा आणला. पट्ट्या चिकटवल्या, खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. पंधरा दिवसांनी मशीनला लावल्या. मशीनने जोर धरायच्या आतच सांधा सुटला.

त्या पट्ट्या त्याने माझ्या टेबलावर ठेवल्या. "रिपोर्ट तुझा आहे. मागे पण तूच घे. मी साहेबांना काही बोलणार नाही."

मी चिडले. "माझी चूकच काढायची होती ना रे तुला?"

तो म्हणाला, "तिथे एक होडी बांधून तयार आहे. तीन भाऊ ती घेऊन मासेमारीला जाणार आहेत. सोमवारी."

मी फोन उचलला. होडी थांबवली. मागाहून कळलं, तिच्या तळाचा सांधा कारखान्यातल्या माणसांनी नुसत्या पटाशीने उचकटला.

मग काय झालं? साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. स्वतःचा रिपोर्ट मागे घ्यायला हिंमत लागते, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तानेही वाजवल्या. मी उभी राहिले, हसले, खाली बसले. त्याचं नाव घेतलं नाही.

उद्या सांगू म्हटलं. रोज उद्या. मग त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी टेबल बदलून घेतलं. तो विचारायचा, "चहाला येतेस?" मी म्हणायची, काम आहे. काम नसायचं. कितीदा? मोजलं नाही मी.

आणि मागच्या गुरुवारी सकाळी त्याच्या छातीत दुखलं, आणि तासाभरात सगळं संपलं.

साहेब, तो गोंद दत्ताने पकडला होता. मी नाही. हे मी सांगायला माणूस जावा लागला. झोप लागत नाही, वहिनी. तुमच्याकडे माफी मागावी, तर ती तुम्ही का द्यावी? ती त्याच्याकडे मागायची होती, आणि मी टेबल बदलेपर्यंत तो एका हाताच्या अंतरावर बसत होता.

मागे दाराशी तिघे उभे आहेत. मढचे ते भाऊ. त्यांना आपल्यापैकी कुणी कळवलं नव्हतं. रविवारी उन्हात येऊन डबे कोण मोजत होतं, ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्या लॅबला.

दत्ता, माझं बोलून झालं रे. आता सगळे जरा उभे राहूया, आणि दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका. मीही नाही.