अंगणातली रेंज

सिम कोणतं घ्याचं, हे आमच्या मामाले विचारा. मूर्तिजापूरकडच्या त्यायच्या गावात एका कंपनीची रेंज मारुतीच्या ओट्यावर येते अन् दुसरीची फक्त त्यायच्या मोठ्या भावाच्या अंगणात. दोघा भावायचा वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अबोला. लग्नाच्या पंगतीतबी एकमेकाकडं पाठ करून जेवतेत.

मी अकोल्याहून दोन्ही सिम घेऊन गेलो. म्हटलं, "मामा, ओट्यावरचंच घ्या. कटकट नाही."

मामानं दोन्ही सिम उलटेपालटे करून पाहिले अन् अंगणातलंच फोनमध्ये टाकलं.

"मामा, अन् भावानं अंगणातून हाकललं त?"

मामा शांतपणे म्हणे, "हाकलू दे ना. हाकलाले तरी त्याले माह्यासंग बोला लागन का नाही?"