वडिलांचा मोबाईल नंबर

मी हल्ली फॉर्म बनवायची कामं का घेत नाही, असं विचारता ना, मग ऐका. खांदा कॉलनीतले एक काका वधू-वर मंडळ चालवायचे. त्यांची वेबसाइट माझ्याकडे होती. काकांची एकच अट, "एकही रकाना रिकामा राहता कामा नये. राहिला की फॉर्म अडकलाच पाहिजे." मी अडकवला.

दुसऱ्याच दिवशी सुकापूरहून एका मुलीचा फोन. "दादा, वडिलांचा मोबाईल टाकल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही. माझे वडील नाहीत. काय टाकू?"

मी म्हटलं, "सगळी शून्यं टाका."

काकांना ती शून्यं दिसली. "हा काय चावटपणा? शून्यं बंद कर!"

"काका, अहो, त्या मुलीला..."

"कोणालाही सवलत नाही! एकाला दिली की सगळेच रिकामा सोडतील."

शून्यं बंद केली. तिचा फॉर्म परत गेला आणि बिचारीने तिथे स्वतःचाच नंबर टाकला.

पुढच्या आठवड्यात काका तणतणत आले. "मुलाकडच्यांनी वडिलांना फोन लावला, तर मुलगीच बोलायला लागली! आगाऊ वाटली त्यांना. चांगलं स्थळ हातचं गेलं. आता एकच नंबर दोन रकान्यांत चालणार नाही, असा नियम टाक."

मी हात जोडले. "काका, तिला वडील नाहीत हो!"

काका हळहळत म्हणाले, "अरेरे! पण मग तसं फॉर्ममध्ये लिहायचं ना तिने."